म्हाताऱ्या इंजिनाला भाता

कांतीशेठ माझ्या गॅरेजात आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गोणपाटात बांधलेलं काहीतरी होतं. खांद्यावर ओझं घेतलेले शेठ ओतुरात मी तोवर कधी पाहिले नव्हते. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान, तिसऱ्या पिढीचं. मूळ घराणं राजस्थानातलं, जैन. पण बोलणं थेट आमच्यासारखं, फक्त शिव्या सोडून. त्यांनी ते ओझं माझ्या बाकावर ठेवलं, सुतळी सोडली आणि आतून अॅल्युमिनियमचा एक ठोकळा काढला. फूटभर लांब, एका टोकाला पुली, आणि आत एकमेकांत गुंतलेले दोन पिळदार रूळ.

"सुपरचार्जर हाये," ते म्हणाले. "पुण्याला जुन्या बाजारात सापडला. कुठल्या तरी परदेशी गाडीचा. आपल्या गाडीला बसवायचा."

"आपल्या म्हणजे कुठल्या?"

"वडलांच्या."

मी हसलो, पण ते हसले नाहीत.

ती गाडी मला चांगली माहीत होती. गोल नाकाची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, शेठच्या वडिलांनी कोरी घेतलेली. वडील गेल्यापासून ती दुकानामागच्या पडवीत उभी असायची. दसऱ्याला धुऊन, हार घालून तिची बाजारपेठेतून एक फेरी व्हायची, आणि त्या फेरीआधी मी जाऊन ती चालू करून द्यायचो. वयानं ती माझ्याच बरोबरीची.

"शेठ, ह्या वयात तिला पळवायची कशाला?"

"पळवायची न्हाई. चढवायची. आणे घाट."

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसांसाठी थोडं सांगतो. इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारं यंत्र. पिस्टन खाली सरकला की हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं, मग ठिणगी पडते, भडका होतो आणि पिस्टनला ढकलतो. आत हवा जितकी जास्त, तितकं पेट्रोल जाळता येतं आणि तितकी ताकद येते. पण इंजिन स्वतःच्या दमानं ओढेल तेवढीच हवा त्याला मिळते. सुपरचार्जर तिथं हवा कोंबतो. लोहार भात्यानं निखाऱ्यावर वारा घालतो, तसाच हा भाता. फक्त तो इंजिनच पट्ट्यानं फिरवतं. हल्लीच्या गाड्यांत टर्बो असतो, तो धुराच्या जोरावर फिरतो. काम दोघांचं एकच. आणि धोकाही एकच: वारा जास्त झाला तर निखाऱ्याबरोबर लोखंडही जळतं.

अडतीस वर्षांत मी टोमॅटोच्या पिकअपपासून लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसपर्यंत सगळं खोललं होतं. घाटघरच्या एका गिऱ्हाइकाची जीप तर हँडब्रेकऐवजी दगडावर थांबायची, आणि दुरुस्त करून दिल्यावरही तो दगड गाडीतच ठेवायचा. पण सुपरचार्जर मी कधी बसवला नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत हातातही धरला नव्हता. हे मी शेठना सांगितलं नाही. "बघू," एवढंच म्हणालो.

आणे घाटच का, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं.

"माझं आजोळ आण्याचं. आईचे वडील तिथं दुकान चालवायचे. दोन-तीन म्हयन्यांनी आमी जायचो. वडील गाडी चालवायचे, मी पुढं, आई मागं, आन तिच्या शेजारी आजोबांच्या दुकानासाठी कापडाचे गठ्ठे. घाटाच्या पायथ्याला गाडी दम टाकायची. वडील गाडी थांबवायचे. मग आई उतरायची."

"आई का? गठ्ठे उतरवायचे."

"गठ्ठे उतरवून वर कोन नेनार? आई पदर घेऊन चालायला लागायची. आमी पुढं जाऊन वरती झाडाखाली तिची वाट बघायचो. गठ्ठे गाडीत आन ती रस्त्यानं. मला तवा काय वाटायचं न्हाई. आपण आधी पोचलो म्हणून मजाच वाटायची."

मी म्हणालो, "शेठ, आता त्यांना नातवाच्या गाडीत बसवून न्या. दहा मिनिटांत चढंल."

"नेतोच की. पण ह्या गाडीतनं ती अजून एकदाबी घाट चढलेली न्हाई."

"मग गठ्ठे नका ठेवू. दोघं-तिघं जण हळूहळू चढून जाल. भाता कशाला?"

शेठनी कप खाली ठेवला. "गठ्ठ्यांसकट चढली पायजे, दत्ताभाऊ. गठ्ठेबी आन आईबी. न्हाईतर काय उपयोग?"

त्यांच्या आई, चंपाबाई, तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. मी काम घेतलं. इंजिनात असा फेरफार करायचा तर परिवहन खात्याची परवानगी लागते. ते कागद शेठनी स्वतः हेलपाटे घालून केले. त्यात अख्खा पावसाळा गेला. तेवढ्या वेळात मी इंजिन तपासलं. जुन्या इंजिनांचं एक चांगलं असतं: ब्लॉक जाड लोखंडी, आणि मुळातच कमी दाबावर चालायची रचना. म्हणजे वरून हवा कोंबायला थोडी जागा शिल्लक असते. चारही सिलिंडरचा दाब मोजला. तीन ठणठणीत निघाले, तिसऱ्या नंबरचा जरा हलका. चालून जाईल, असं मी मनाशी म्हणालो.

आता या गोष्टीतल्या मुख्य माणसाकडे येतो, आणि ते माणूस मी नव्हे.

नारायणगावात जुन्या रस्त्याला एक लेथचं दुकान आहे. बाहेर खुर्चीवर शंकरराव बसलेले असतात आणि आत लेथवर सुलोचनावहिनी काम करतात. शंकररावांची नजर साखरेच्या आजारानं गेली, तेव्हा दुकान विकायचं चाललं होतं. वहिनींनी महिनाभर मुदत मागितली, नवऱ्याला शेजारी उभं केलं आणि त्याच्या तोंडून ऐकत ऐकत लेथ शिकून घेतली. हे वीस वर्षांपूर्वीचं. नवीन गिऱ्हाईक अजूनही शंकररावांशीच बोलायला लागतं. ते सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "आता हेच आत सांगा." सुरुवातीला मीही त्यातलाच होतो.

सुपरचार्जर मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी पुली हातानं फिरवली आणि कान जवळ नेला. "बेरिंग चांगलं हाये," म्हणाल्या. "तेल कधी बदललं व्हतं कुनास ठाऊक, पण बेरिंग चांगलं हाये."

मला त्यांच्याकडून तीन गोष्टी हव्या होत्या. सुपरचार्जर ब्लॉकला धरून ठेवणारी कंसासारखी मजबूत पट्टी, तिथून सिलिंडरकडे हवा नेणारा नळ, आणि सुपरचार्जरसाठी नवी पुली. कार्बोरेटर सुपरचार्जरच्या तोंडाशी बसवायचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळूनच भात्यात जाणार आणि पुढे ढकललं जाणार, असं मी कागदावर काढून दाखवलं. त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या.

"भाऊ, म्हंजे ह्या नळात सगळं पेट्रोलच भरलेलं ऱ्हानार?"

"हो."

"आन इंजिनानं उलटा भडका मारला तर?"

मी कागद माझ्याकडं फिरवून पुन्हा बघितला.

"कुकरला शिट्टी असतीय," त्या म्हणाल्या. "ह्याला काय हाये?"

ह्याला काहीच नव्हतं, कारण मला ते सुचलंच नव्हतं. त्यांनी नळावर स्प्रिंगचं एक झाकण बसवून दिलं, आत दाब भडकला तर आपोआप उघडणारं. पुढे एकदा गॅरेजात चालू करताना खरंच उलटा भडका उडाला. झाकण फट्‌कन उघडून मिटलं आणि माझ्या भुवयांचे केस तेवढे गेले. ते झाकण नसतं तर भाता फुटून त्याचे तुकडे कुठे गेले असते, ते मी सांगायला नको.

पण पुलीच्या वेळी मी शहाणपणा केला. मी अडीच इंचाची सांगितली.

"अडीच लई बारीक व्हईल," त्या म्हणाल्या. "पुली बारीक तेवढा भाता जोरात फिरंल. इंजिन म्हातारं हाये ना?"

"वहिनी, इंजिनाचं मी बघतो. पुलीचं तुम्ही बघा."

त्यांनी मान हलवली आणि अडीचची पुली करून दिली. अशी सुबक की हातातून खाली ठेवावीशी वाटू नये. माझ्या तोंडचं ते वाक्य मात्र मला आजही टोचतं.

बसवायला पंधरा दिवस लागले. जुन्या गाडीच्या बॉनेटखाली जागा ऐसपैस असते, माणूस आत बसू शकेल इतकी, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. अडचण रेषेची होती. इंजिनाची पुली आणि भात्याची पुली एका रेषेत आल्या नाहीत तर पट्टा किंचाळतो आणि शेवटी उडतो. दोरी ताणून, डोळा मिटून, पातळ पत्र्याचे तुकडे घालून मी ती रेष जमवली. कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, मोठी केली. चालू केली तेव्हा इंजिनाच्या आवाजावर एक बारीक शीळ चढली. एक्सलरेटर दाबला की ती शीळ वर वर जायची. शेठ तिथंच उभे होते. डोळे मिटून ऐकत राहिले.

पहिल्या चाचणीला चंपाबाईंना नेलं नाही. मागे कापडाचे चार गठ्ठे आणि आईंच्या जागी कांद्याची एक गोणी. गाडी मी चालवत होतो, शेठ शेजारी. आळेफाटा मागं टाकला, सपाटीवर ती मऊ चालली. घाट लागला आणि मी पाय दाबला.

ते कसं सांगावं कळत नाही. पन्नास-साठ वर्षांची गाडी, पाठीवर एवढं ओझं, आणि तिनं चढाला जणू खांदा लावला. पहिलं वळण तिसऱ्या गिअरात, दुसरंही तिसऱ्यातच. एका मालट्रकला आम्ही मागं टाकलं आणि ट्रकवाल्यानं वाकून बघितलं. मी आयुष्यात खूप इंजिनं चालवली, पण म्हातारं इंजिन असं ताठ झालेलं पाहिलं नव्हतं.

मग आवाज आला. चाळणीत खडे हलवावेत तसा. भडका वेळेआधी होतोय, आत उष्णता साठतेय, असा त्याचा अर्थ. कुठल्याही मिस्तरीला तो आवाज कळतो आणि उपाय एकच असतो: पाय उचलायचा. मला कळलं होतं. पण वरचं शेवटचं वळण दिसत होतं आणि मी पाय उचलला नाही. पाव मिनिट, जास्त नाही. एक दणका बसला, बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ आली आणि गाडी थांबली.

शेठ उतरले, रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसले. मी बॉनेट उघडून उभा होतो, पण आत बघायचं धाडस होत नव्हतं. वडिलांची आठवण म्हणून जपलेली वस्तू मी हट्टानं जाळली होती. म्हणालो, "शेठ, चूक माझी आहे. मला आवाज कळला होता."

शेठनी खाली दरीकडं आणि मग वर माथ्याकडं बघितलं. "वडील एवढा भार घेऊन हितपर्यंत कधी आले नव्हते," ते म्हणाले. "नीट करा. आई थांबंल."

गाडी ओढून आणली. इंजिन खोललं तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधलं, दाब अडवणारं गॅस्केट जळालेलं होतं, आणि तिसऱ्याचा पिस्टन कडेनं उंदरानं कुरतडल्यासारखा. या इंजिनाचे पिस्टन आता कुठेच मिळत नाहीत. तो पिस्टन फडक्यात गुंडाळून मी नारायणगावला गेलो. यावेळी शंकररावांशी बोलण्यात वेळ घालवला नाही. सरळ आत गेलो आणि वहिनींना झालं ते सगळं सांगितलं, पाय न उचलल्यासकट.

त्यांनी पिस्टन तळहातावर घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. मी वाट बघत होतो, की आता म्हणतील, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "उरलेले तिन्हीबी आणा. एकटा बदलून भागायचं न्हाई."

एका पिकअपचे चार पिस्टन त्यांनी शोधून काढले. जाडीला बरोबर, उंचीला थोडे जास्त. त्यांचे माथे त्यांनी लेथवर उतरवले, केसाएवढं केसाएवढं करत. माथा जरा जास्तच उतरवला. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "वर जागा ऱ्हाईली तर हवा कोंडायची न्हाई." म्हणजे इंजिनातला मूळ दाब कमी करून भात्याच्या हवेला जागा ठेवली होती. पुस्तकात हे पानभर समजावून सांगितलेलं असतं. मग चारही पिस्टन घेऊन त्या सराफाकडं गेल्या, कारण इतकं बारीक वजन करणारा काटा दुसरीकडं नव्हता. सराफानं सोन्याच्या काट्यावर पिस्टन ठेवायला आधी का-कू केली. वहिनी म्हणाल्या, "धुऊन आणलेत." चौघांचं वजन सारखं येईपर्यंत त्या तीनदा दुकान ते सराफ चालत गेल्या.

नवी पुली सव्वातीन इंचाची. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ती माझ्या हातात ठेवली. मी ठिणगीची वेळ थोडी मागं घेतली, तांब्याचं जाड गॅस्केट घातलं. या वेळी शीळ कमी झाली होती. जोरही आधीपेक्षा जरा कमी. पण दोनदा घाट चढवली आणि खड्यांचा आवाज एकदाही आला नाही.

माघातल्या एका सकाळी आम्ही चंपाबाईंना घेऊन निघालो. शेठ चालवत होते, मी शेजारी. मागे बाई, अंगावर शाल, डोक्यावर पदर, आणि शेजारी त्यांच्या खांद्याएवढे गठ्ठे. शेठनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, फक्त आण्याला जाऊन येऊ म्हणाले होते. पायथ्याशी शेठनी गिअर बदलायला गाडी हळू केली. मागे कडी वाजली म्हणून मी वळून बघितलं. बाईंचा हात दाराच्या कडीवर होता.

"उतरू का?" त्यांनी विचारलं.

शेठनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मीच म्हणालो, "नाही आई, बसा. आज उतरायचं नाही."

त्यांनी हात मांडीवर घेतला. गाडी चढायला लागली. दोन वळणं गेली. मग त्या म्हणाल्या, "कांती, हळू घे. मला बघू दे."

शेठनी वेग कमी केला. त्या काचेतून बाहेर बघत होत्या. "इथं करवंदाची जाळी व्हती. इथं मी चप्पल काढून हातात घ्यायचे, पुढं गवत असायचं म्हणून."

"आई," शेठ म्हणाले, मान न वळवता, "तुला राग न्हाई यायचा? आमी गाडीत आन तू..."

"कशाचा राग? घरात चौदा माणसं. सकाळपासनं नुसत्या हाका. ह्या घाटात पाऊण तास मला कोनी हाक मारायचं न्हाई. पदर खांद्यावर टाकून चालायचे मी. गाणी म्हनायचे मोठ्यानं."

शेठचे कान लाल झालेले मला दिसले. इतकी वर्षं मनात जपलेलं ओझं कुणी असं अलगद काढून घेतलं तर माणसाला काय करावं ते कळत नाही. पुढचं वळण आलं आणि गेलं.

"पण पावसाळ्यात लई भिजायचे," बाई म्हणाल्या. "तवा मनात यायचं, गठ्ठ्यांवर मेणकापड हाये, माज्यावर न्हाई."

त्या हे तक्रार म्हणून बोलल्या नाहीत. करवंदाची जाळी सांगितली त्याच आवाजात बोलल्या. शेठनी फक्त मान हलवली आणि एक्सलरेटरवर पाय दिला. भाता शीळ घालायला लागला. गठ्ठे, आई आणि आम्ही दोघं माथ्यावर पोचलो.

वर गाडी थांबवली. बाईंना उतरायचंच नव्हतं. बसल्या जागेवरून त्यांनी मला विचारलं, "हे आवाज करतंय ते तू बसवलं?"

"बसवलं मी, आई. पण घडवलं नारायणगावच्या एका वहिनींनी. पिस्टन, पुली, सगळं त्यांच्या हातचं."

"बाई मानूस?"

"हो."

"मग तिला का न्हाई आणलं?"

त्या सकाळी मला आठवणच झाली नव्हती. शेठनाही नाही. काम झालं की ज्यानं केलं त्याचं नाव आधी विसरायचं, ही आमच्या धंद्याची जुनी खोड, आणि माझं नाव लोक विसरतात म्हणून मी स्वतः आयुष्यभर कुरकुरत आलो होतो.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन मी नारायणगावला गेलो. वहिनींनी लेथ पुसून झाकली, हात धुतले, ठेवणीतलं पातळ नेसल्या. पुढं त्या बसल्या, मागं शंकरराव, आणि वहिनींनीच हट्टानं ठेवायला लावलेले चार गठ्ठे. "भार नसला तर काय कळनार?" म्हणाल्या. घाटात शंकरराव दर वळणाला विचारत होते, "कितवं?" आणि मी सांगत होतो. वहिनींनी बाहेर एकदाही बघितलं नाही. मान जरा कलती करून, डॅशबोर्डावर बोटं टेकून बसल्या होत्या.

माथ्यावर गाडी उभी केली. शंकररावांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "वारं गार हाये." मी वहिनींकडं बघत होतो. कौतुकाचा एखादा शब्द येईल, निदान समाधानाचा तरी, असं वाटत होतं.

"पट्टा अर्धा सूत बाहेर चालतोय," त्या म्हणाल्या. "तुमाला ऐकू येत न्हाई का?"

मी म्हणालो की दोरी लावून बसवलाय, फरक असायचा प्रश्नच नाही. मग खाली उतरलो, बॉनेट उघडलं, खिशातून दोरी काढून दोन्ही पुल्यांना धरली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी एक डोळा मिटला आणि बघितलं.

अर्धा सूतच होता. वहिनी माझ्या मागं पाना घेऊन उभ्या होत्या.